मोटारसायकलचे इंजिन ऑइल

चारस्ट्रोक मोटारसायकलीत पिस्टन, क्रँक, गिअर आणि क्लच या सगळ्यांना मिळून पुरणारे एकच वंगण. मोटारीत गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते आणि क्लच सहसा कोरडा चालतो. मोटारसायकलीच्या क्लच प्लेटा मात्र इंजिनाच्या ऑइलातच भिजत फिरतात. ऑइल निवडताना होणाऱ्या बऱ्याच चुकांचे मूळ हा फरक विसरण्यात आहे. (जुनी लोखंडी सिलिंडरची बुलेट याला अपवाद : तिच्यात इंजिन, क्लच केस आणि गिअरबॉक्स तिघांची सोय वेगळी.)

डब्यावर पाहायचे ते ग्रेड, जॅसो आणि एपीआय (ऑइलच्या दर्जाची अमेरिकी मोजपट्टी), याच क्रमाने. कंपनीचे नाव त्यानंतर.

ग्रेड गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असते : स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, पल्सरच्या बहुतेक मॉडेलना २०डब्ल्यू-५०, रॉयल एन्फिल्डच्या ३५० सीसी गाड्यांना १५डब्ल्यू-५०. ‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा, नंतरचा १०० अंश सेल्सिअसला उरणाऱ्या दाटपणाचा. २०डब्ल्यूची चाचणी उणे १५ अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ला. निफाडच्या कडाक्याच्या थंडीतही पारा तिथवर जात नाही, त्यामुळे नाशिक जिल्ह्यात पहिल्या आकड्यावरून वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. पातळ ऑइल सकाळी थोडे लवकर वर चढते, एवढाच फायदा. ‘उन्हाळा आहे, जाड टाका’ हा सल्लाही तसाच. मे महिन्यात हवा ४० अंशांवर गेली तरी इंजिनातले ऑइल त्याहून कितीतरी तापलेले असते आणि पुस्तिकेतला आकडा ते धरूनच दिलेला असतो. १०डब्ल्यू-३०साठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतले तर गाडी जड चालते, पेट्रोल जास्त खाते.

जॅसो ही जपानी मोजपट्टी क्लचसाठी आहे. गिअरच्या मोटारसायकलीला ‘एमए’ किंवा ‘एमए२’ हवे. एमए२मध्ये प्लेटांची पकड अधिक. ‘एमबी’ निसरडे असते, ते स्कूटरसाठी. स्कूटरचा क्लच कोरडा, बेल्टच्या घरात असतो, म्हणून तिला चालते. मोटारीच्या ५डब्ल्यू-३०सारख्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलात घर्षण कमी करणारी द्रव्ये असू शकतात. त्याने क्लच घसरतो. सपाट रस्त्यावर कळतही नाही. डबलसीट कसारा घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र जागीच. तरी ऑइलला दोष देण्याआधी क्लच लिव्हरची ढील बघावी. टोकाशी १० ते २० मिलिमीटर ढील नसेल तर केबल ताणलेली आहे, लक्षण हुबेहूब हेच.

द्राक्षबागायतदारांच्या घरी ट्रॅक्टरचे १५डब्ल्यू-४० पडून असते आणि तेच दुचाकीत जाते. डिझेलच्या ऑइलात राख देणारी द्रव्ये जास्त, ती पिस्टनवर थर धरतात. डब्यावर जॅसो एमए छापलेले नसेल तर ते ट्रॅक्टरलाच राहू द्यावे. एपीआयबाबत एवढेच : पुस्तिकेत एसएल म्हटले असेल तर एसएल किंवा वर्णक्रमात पुढचे एसएम, एसएन चालते.

गिअरचे दाते ऑइलातले दाटपणा टिकवणारे रेणू चिरडतात, म्हणून मोटारसायकलीचे ऑइल मोटारीपेक्षा लवकर पातळ होते. खनिज ऑइल साधारण ३,००० किलोमीटरला बदलतात. सिंथेटिक अधिक टिकते, पण पुस्तिकेतली मर्यादा ओलांडू नये. पंचवटी ते कॉलेज रोड एवढ्याच फेऱ्या होत असतील तर आणखी लवकर, कारण इंजिन पुरते तापत नाही आणि आतली वाफ ऑइलातच राहते. गोदेच्या पुरात बुडालेल्या गाडीचे ऑइल दुधाळ चहासारखे दिसते. अशी गाडी सुरू न करता आधी ऑइल काढावे, नवे घालून थोडी चालवावी आणि तेही बदलावे.

बदलताना इंजिन तीन-चार मिनिटे चालवून कोमट करावे, गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, ड्रेन नट काढून दहा मिनिटे निथळू द्यावे. नटाचा वायसर नवा टाकावा. जुनाच ठेवून नट जोरात आवळला की केसिंगचे आटे जातात आणि शंभरांचे काम हजारांत जाते. स्प्लेंडरला कागदी फिल्टर नसतो, जाळी असते, ती धुवावी. पुस्तिकेत ऑइलचे दोन आकडे असतात, एक बदलतानाचा, दुसरा इंजिन उघडल्यानंतरचा. पहिला घ्यावा, कारण थोडे ऑइल आत राहतेच. लिटरचा डबा आहे म्हणून सगळा रिकामा करू नये. जादा ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरवर येते. मग इंजिन दोन मिनिटे चालवून, दोन-तीन मिनिटे थांबून, गाडी सरळ उभी धरून पातळी पाहावी. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिक न पिरगळता नुसती टेकवून पाहायची असते. पिरगळली तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

डबा घेताना झाकणाखालचे सील पाहावे, सुटे ऑइल टाळावे. रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा, नाहीतर त्यात नकली माल भरला जाण्याची शक्यता असते. काढलेले ऑइल बाटलीत भरून गॅरेजात द्यावे. ते नाल्यात ओतले की पावसात गोदावरीत जाते.