फायर ट्रक चालवायला सीडीएल लागतंच का?

अमेरिकेतल्या अग्निशमन दलांत बहुसंख्य जवान स्वयंसेवक आहेत. नव्या माणसाला तिथे वर्षानुवर्षं एकच गोष्ट ऐकवली जाते: 'सीडीएल, म्हणजे व्यावसायिक वाहनाचा परवाना, नसेल तर बंबाच्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही. केंद्राचा कायदा आहे!' हे अर्धंच खरं आहे.

26,001 पौंड, म्हणजे साधारण 11.8 टन किंवा त्याहून जास्त वजनक्षमतेच्या गाडीला सीडीएल लागतं, आणि मोठे बंब सहज त्या मर्यादेपलीकडे जातात. पण त्याच संघीय नियमांत राज्यांना मुभा आहे. जीव आणि मालमत्ता वाचवायला धावणाऱ्या, सायरन-दिवे लावलेल्या गाड्यांच्या चालकांना सूट द्यायची की नाही, हे राज्याने ठरवायचं. स्वयंसेवकही त्यात बसतात. कॅलिफोर्नियात तर साध्या क्लास सी लायसन्सवर अग्निशामकाचा शेरा घेतला की चालतं, अर्थात त्यासाठीचं प्रशिक्षण झालेलं हवं.

आणि ते प्रशिक्षण मला परवान्यापेक्षा मोलाचं वाटतं. 1,000 गॅलन पाणी म्हणजे जवळपास 3.8 टन. टाकी अर्धी भरलेली असेल तर वळणावर ते सगळं पाणी बाहेरच्या बाजूला झेपावतं, ब्रेक दाबला की पुढे ढकलतं. हे गाडीत बसून, कुणी अनुभवी शेजारी असतानाच शिकावं.

काही दलं स्वतःच्या नियमाने सीडीएल मागतात, तो त्यांचा अधिकार. शिवाय सूट आपल्याच राज्यापुरती असते. शेजारच्या राज्यात मदतीला जायचं तर दोन राज्यांत तसा करार आहे का, हे आधी प्रमुखांना विचारून घ्या.