बुरूज, तळं आणि पोटरीतला पंप

गेल्या डिसेंबरात पुण्याहून आत्या आमच्याकडे सोलापूरला आली ती पर्समध्ये एक चकचकीत पत्रक घेऊनच. कुठल्याशा सहल कंपनीचं. राजस्थानात चार दिवस, सकाळी योगासनं, दुपारी किल्ले-हवेल्या, संध्याकाळी 'निवांत चाल', आणि खाली बारीक अक्षरांत 'शरीरातील विषारी द्रव्यांचा निचरा'. पैशाचा आकडा वाचून मी पत्रक उलटं ठेवलं. तेवढ्यात अख्ख्या गल्लीला चादरी वाटून झाल्या असत्या.

"तू विज्ञानाचं लिहितोस ना रे? मग सांग, ह्यात खरं किती?"

आत्या अडुसष्ट वर्षांची. म्हणजे सोलापुरातल्या लिंगांएवढी, असं तीच हसत सांगते. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, आणि संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत पहिल्या दिवशी पांढऱ्या बाराबंदीतली माणसं उंच नंदीध्वज पेलत त्या सगळ्यांना फेरी घालतात. वारसा, चाल आणि लयीत घेतलेला श्वास, तिन्ही एकत्र. हे आपल्याकडे आठ-नऊशे वर्षं चालू आहे, तेही पत्रकाशिवाय. मी म्हटलं, "आत्या, राजस्थान राहू दे. तीन दिवस इथेच फिरू, आणि शरीरात काय काय होतं ते बघू." आठवीतली माझी लेक लगेच तयार झाली, कारण शाळा बुडणार होती.

विषारी द्रव्यांचं आधी उरकून टाकतो. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात सोडतात. घामातून जातं ते मुख्यतः पाणी आणि मीठ. त्यामुळे 'निचरा' विकत घ्यायची गरज नाही. पत्रकातलं बाकीचं मात्र इतक्या सहज झटकता येत नाही.

पहिल्या दिवशी भुईकोट. नावातच आहे, कोट भुईवरचा, चढ नाही. बहमनी काळातली दुहेरी तटबंदी, खंदक, आणि पूर्वेला अगदी लागून सिद्धेश्वरांचं, म्हणजे त्याच सिद्धरामेश्वरांचं, तळं. आत्याच्या सुनेने तिच्या मोबाइलमध्ये पावलं मोजायचं ॲप टाकून दिलंय, आणि आत्या त्याला चुलतसासूएवढी भिते. "दहा हजार झाल्याशिवाय घरी जायचं नाही," असं तिने दारातच जाहीर केलं.

हा दहा हजारांचा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. आकडा गोल होता, कानाला बरा लागत होता, तो जगभर पसरला. प्रत्यक्ष मोजमाप फार उशिरा झालं. २०१९ साली आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १६ हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. पावलं वाढत गेली तसा फायदा वाढला, पण साडेसात हजारांच्या आसपास तो थांबला. आता ज्या धडधाकट असतात त्या जास्त चालतात, हेही आहेच, म्हणून सगळं श्रेय चालण्याला देता येत नाही. पण दहा हजारांचा धाक निघून जायला एवढं पुरे. आत्याने ॲप बंद केलं नाही, पण मोबाइल पर्सच्या तळाशी गेला.

किल्ल्यात तासभर झाला आणि आत्या म्हणाली, "चालून नाही दमले, उभं राहून दमले." हे वाक्य मला आवडलं, कारण ते शरीरशास्त्रदृष्ट्या अगदी बरोबर आहे. अमेरिकेतल्या बोस्टनच्या कलासंग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली 'संग्रहालयाचा थकवा' अशा नावाने एक लेख लिहिला होता. एका माणसाला वस्तू बघायला लावून तो कसा वाकतो, पाठ कशी वळवतो, त्याचे फोटोच त्यांनी काढले. दोष त्यांनी वस्तूंच्या चुकीच्या मांडणीला दिला. पण त्यात पायांचाही वाटा असतो.

माणूस उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त छातीतून खाली उतरतं. ते परत वर कोण चढवणार? हृदय रक्त ढकलतं, ओढून आणत नाही. ते काम पोटऱ्यांचं. पाऊल पडलं की पोटरीचा स्नायू आकसतो, आतल्या शिरा पिळल्या जातात, आणि शिरांमधल्या एकतर्फी झडपांमुळे रक्त वरच जाऊ शकतं. पुढच्या पावलाला पुन्हा तेच. विहिरीवरचा हातपंप जसा दांडा हलवला तरच पाणी देतो, तसं. नुसतं उभं राहिलं की दांडा थांबला. पाय जड होतात, घोटे सुजतात. अक्कलकोटच्या दर्शनाच्या रांगेत दीड तास उभं राहिल्यावर कुणाला तरी भोवळ येते, त्यात ऊन असतं, उपास असतो, पण बंद पडलेला हा पंपही असतो. मी आत्याला शिलालेखासमोर उभ्या उभ्या टाचा वर-खाली करायला सांगितलं. लेकीला ते फारच विनोदी वाटलं. मग तिघेही तसेच उभे राहिलो, आणि तिथला रखवालदार आमच्याकडे बघत राहिला.

तिथून तळ्यावर. सिद्धेश्वर मंदिर पाण्याच्या मधोमध, बाजूला घाट. आत्या रोज सकाळी गच्चीवर प्राणायाम करते, त्याने शरीरात काय होतं हे तिला विचारायचं होतं. म्हटलं, सांगत नाही, दाखवतो. लेकीच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि तिला सावकाश श्वास घ्यायला लावला. पाच आकडे मोजेपर्यंत आत, पाच आकडे मोजेपर्यंत बाहेर. श्वास आत जाताना नाडी टप-टप-टप घाईत, बाहेर सोडताना टप... टप... टप. फरक इतका स्पष्ट की आत्यालाही बोटांखाली कळला. मग आत्याची नाडी बघितली. जवळजवळ एकसारखी.

"म्हणजे माझं बिघडलंय का?"

नाही. श्वासाबरोबर नाडी मागेपुढे होते ती मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या चेतातंतूमुळे. तो हृदयाचा ब्रेक. श्वास सोडताना ब्रेक लागतो, घेताना सैल होतो. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ सालीच हे नोंदवून ठेवलं. वय वाढतं तसा हा खेळ कमी होतो, बिघाड नसतानाही. आठवीतल्या मुलीत तो जोरात असतो, अडुसष्टव्या वर्षी बोटांना लागेलच असं नाही.

लेकीला पाच आकडे आत, पाच आकडे बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास घ्यायला लावले, ती गोष्ट यातूनच येते. मानेतल्या रोहिण्यांमध्ये रक्तदाब ओळखणारे तंतू असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, नाडी मंदावते, दाब उतरतो. या सगळ्या जा-ये करण्यात काही सेकंद जातात, म्हणून रक्तदाब साधारण दहा सेकंदांच्या लाटेत हेलकावे खातो. आपला श्वासही दहा सेकंदांचा झाला, म्हणजे मिनिटाला सहा, की दोन्ही लाटा जुळतात आणि हेलकावे मोठे होतात. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिल्यासारखं. लुचियानो बर्नार्दी या इटालियन डॉक्टरांनी २००१ साली बघितलं, की लॅटिनमधली जपमाळ आणि योगातला मंत्र, दोन्हींचा पाठ करताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि रक्तदाब सांभाळणारी ही यंत्रणा जास्त तल्लख होते. दोन धर्म, दोन भाषा, श्वास तेवढाच. 'एकदा भक्तलिंग हर बोला हर' हा यात्रेतला पुकारा मोठ्याने म्हणून बघा. लांब श्वास सोडल्याशिवाय तो पुरा होतच नाही.

योगाला प्रयोगशाळेत नेण्याचं काम आपल्या महाराष्ट्रात फार लवकर सुरू झालं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, आणि आसनं करणाऱ्या माणसांना मोजमापाची यंत्रं लावून त्यांचे निष्कर्ष छापायला सुरुवात केली. आज पुरावा काय म्हणतो? जुन्या कंबरदुखीत योगाने थोडा फरक पडतो. चमत्कार नाही, साधारण इतर व्यायामाइतका. वृक्षासनासारख्या आसनांनी तोल सुधारतो, आणि आत्याच्या वयात पडणं टाळणं हे मधुमेह टाळण्याइतकंच मोलाचं. मात्र रक्तदाबाची गोळी चालू असताना जोरजोरात कपालभाती करणं मला पसंत नाही. आत्याला तेवढं बंद करायला लावलं. ती रुसली.

दुसऱ्या दिवशी हत्तरसंग-कुडल. भीमा आणि सीना जिथे भेटतात तिथलं जुनं देऊळ, आणि तिथला शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख. त्याचा अर्थ असा, की हे वाचील तो विजयी होईल. आत्याने अक्षरांवरून बोट फिरवलं, दोन अक्षरं लागली, तिसऱ्याला अडली. एका हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने आपल्याच भाषेत वाचणाऱ्याला आशीर्वाद देऊन ठेवलाय, हे कळल्यावर ती बराच वेळ तिथून हलेना. टाचा मात्र वर-खाली चालू होत्या.

जेवण नदीकाठीच. घरून बांधून आणलेल्या कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, दही, कांदा. परतताना एका ओळखीच्या शेतात हुरडा. आत्याला साखरेचा त्रास आहे, म्हणून जेवल्यावर पंधरा मिनिटं बांधावरून चालायचं ठरवलं होतं. जेवणानंतर रक्तात साखर चढते. ती स्नायूंच्या पेशींत न्यायला एरवी इन्सुलिन लागतं, आणि मधुमेहात नेमकं तेच नीट काम करत नाही. पण स्नायू आकसला की साखर आत घेणाऱ्या वाहक रेणूंना पेशीच्या पृष्ठभागावर यायला इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. चालणं हा मागचा दरवाजा. त्याला वेगही लागत नाही, गप्पा मारत चाललं तरी चालतं. फक्त इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही विशिष्ट औषधं घेणाऱ्यांनी खिशात गुळाचा खडा ठेवावा. आत्याच्या पर्समध्ये शेंगदाण्याची चिक्की निघाली, ती लेकीने संपवली.

तिसऱ्या दिवशी नळदुर्ग. हैदराबाद रस्त्याने तासाभराची वाट. बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात त्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात, डिसेंबरात आत फक्त गारवा आणि पाण्याचा वास. आत्या उपळी बुरजावर हट्टाने चढली, आणि हट्टाने एकटीच उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मांड्या भरून आल्या, पायरी उतरवेना. "चढताना धाप लागली ते ठीक, पण दुखतंय उतरल्यामुळे?" होय. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना ताणला जात असतानाच ब्रेक लावतो. या दुसऱ्या प्रकारात स्नायूतंतूंना बारीक इजा होते आणि एक-दोन दिवसांनी दुखणं वर येतं. चांगली गोष्ट ही, की तेच काम काही आठवड्यांच्या आत पुन्हा केलं तर बरंच कमी दुखतं. स्नायू शिकतो. हे ऐकल्यावर तिने पुढच्या बुरजाचं नाव विचारलं.

हे सगळं मे महिन्यात करता येईल का, असं लेकीने विचारलं. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, चाळिशीच्या पुढचा. कोरड्या हवेत घाम लगेच उडतो, आणि एक लिटर घाम उडताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणूनच सोलापूरकराला मुंबईचा घाम सहन होत नाही. पण घाम दिसत नाही म्हणून पाणी किती गेलं ते कळत नाही, शर्टावर पांढऱ्या मिठाच्या रेघा उमटल्यावरच कळतं. तेव्हा मे महिन्यात पहाटेच, नाहीतर नाही.

आता पत्रकाकडे परत. सुट्टीचा फायदा टिकतो किती, हे जेसिका द ब्लूम आणि त्यांच्या नेदरलँड्समधल्या सहकाऱ्यांनी लांब सुट्टीवर गेलेल्या नोकरदारांना फोन करून मोजलं. बरं वाटणं भराभर वाढलं, साधारण आठव्या दिवशी शिखराला पोचलं, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात जिथल्या तिथे आलं. राजस्थानातली चार दिवसांची निवांत चाल याला अपवाद असायचं काही कारण मला दिसत नाही. सोलापूरची तीन दिवसांचीही नाही, हे आत्याला प्रामाणिकपणे सांगितलं. फरक इतकाच, की किल्ला रिक्षाने वीस मिनिटांवर आहे आणि तळ्याच्या घाटावर बसायला बुकिंग लागत नाही.

ती पुण्याला गेली आणि संक्रांतीला यात्रेसाठी परत आली. नंदीध्वजांची वाट बघत रस्त्याच्या कडेला गर्दीत दोन तास उभं राहावं लागलं. लांबून हलग्यांचा आवाज येऊ लागला, 'हर बोला हर'चा गजर जवळ आला. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी आत्याकडे वळून विचारलं, "काय हो, पाय दुखायलेत का तुमचे?" आत्याच्या टाचा वर-खाली होत होत्या. ती म्हणाली, "नाही हो, रक्त वर चढवते आहे."