विरंगुळा केंद्र आणि वृद्धाश्रम: स्वयंसेवकाचं काम दोन्हीकडे सारखं नसतं

'ज्येष्ठांसाठी काहीतरी करायचंय, आठवड्यातले दोन तास देता येतील,' असं म्हणणारी माणसं हल्ली बरीच भेटतात आणि मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. पण कुठे जाणार असं विचारलं, की विरंगुळा केंद्र आणि वृद्धाश्रम ही दोन्ही नावं एका दमात येतात. साठीपुढची माणसं दोन्हीकडे, मदतीची गरजही दोन्हीकडे. फरक एवढाच, की केंद्रातला माणूस संध्याकाळी आपल्या घरी जातो आणि आश्रमातल्या माणसाचं घर तेच असतं. काय करायचं आणि काय टाळायचं, ते सगळं यावरून ठरतं.

पुण्यासारख्या शहरात विरंगुळा केंद्राची जागा बहुतेक वेळा महापालिकेची असते आणि रोजचा कारभार तिथला ज्येष्ठ नागरिक संघ पाहतो. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, वर्गणी, मासिक सभा, सहलीचा हिशेब असं सगळं सभासदच सांभाळतात. असे कितीतरी संघ फेस्कॉम या राज्यव्यापी महासंघाशी जोडलेले आहेत. बँकेतून, शाळेतून, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या या मंडळींना फळवाटप नको असतं आणि मनोरंजनाचा कार्यक्रमही आपण बसवून द्यावा लागत नाही. थेट सचिवांना भेटावं आणि कुठे अडतंय ते विचारावं. उत्तर बहुतेकदा मोबाईल आणि कागदपत्रं हेच येतं.

नोव्हेंबरचंच घ्या. निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून तो 'जीवन प्रमाण' या सरकारी सेवेवर ऑनलाइन देता येतो, पण वयाबरोबर बोटांच्या रेषा झिजतात आणि अंगठा यंत्रावर उमटतच नाही. 2021 पासून चेहरा दाखवूनही दाखला काढता येतो. काकांना खिडकीकडे तोंड करून बसवायचं, फोन त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर स्थिर धरायचा आणि सूचना आली की पापण्यांची उघडझाप करायला सांगायचं. पीपीओ (निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा) क्रमांक, आधार आणि बँक खात्याचा तपशील आधीच काढून ठेवला, तर थोड्या वेळात काम होतं. ओटीपी मात्र त्यांचा त्यांनीच वाचून टाकावा. आपण भरभर टाकून दिला तर काम लवकर उरकेल, पण 'ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो' हे आपणच त्यांना विसरायला लावू. सत्तरीपुढच्यांचं मोफत उपचारांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड, 65 वर्षांवरील पात्र व्यक्तींना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी 3000 रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना, यांचे अर्ज भरायलाही असाच हात लागतो. ही कामं महिन्यातून एकदा गेलात तरी होतात. आपली जागा संघाच्या मदतनिसाची आहे, एवढं लक्षात असू द्यावं.

वृद्धाश्रमात पाऊल ठेवताना आपण कुणाच्या तरी राहत्या खोलीत शिरत असतो. कॉटखालची पेटी, उशाशी औषधांचा डबा, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल, एवढाच कित्येकांचा संसार. दार उघडं असलं तरी विचारून आत जावं, विचारल्याशिवाय फोटो काढू नये. 'मुलं येतात का हो भेटायला?' हा प्रश्न तर आपण होऊन कधीच काढू नये. काहीजण स्वतः ठरवून, अनामत रक्कम भरून आलेले असतात, काहींना आणून सोडलेलं असतं. ज्याला सांगायचं असेल, तो ओळख वाढली की स्वतःच सांगतो.

वाढदिवसाचं जेवण, दिवाळीचा फराळ, 1 ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन अशा दिवशी आश्रमात माणसांची रीघ लागते आणि मधल्या वारी दुपारी कुणी फिरकत नाही. खरी गरज त्या दुपारची असते. जेवण द्यायचंच असेल तर आधी व्यवस्थापकांना विचारावं, कारण गुलाबजाम ताटात पडल्यावर मधुमेह असलेल्या आजींनी नाही कसं म्हणायचं? एरवीची कामं दिसायला अगदी लहान असतात: पेपर वाचून दाखवणं, नखं कापणं, वॉकरच्या पायाचं झिजलेलं रबर बदलून आणणं. एखादे आजोबा बोलेनासे झाले म्हणून सगळे काळजीत असतात आणि त्यांच्या श्रवणयंत्राचा सेल संपलेला असतो. हे पाहुण्याच्या नजरेला पडत नाही, ठरलेल्या वारी येणाऱ्यालाच दिसतं. उचलणं, अंघोळ घालणं, औषध देणं ही कामं मात्र तिथल्या मावशींची आणि परिचारिकांची. प्रेमापोटीसुद्धा त्यांत हात घालू नये, चुकीचा आधार दिला तर खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही.

म्हणून निश्चित वेळ देता येत नसेल, नोकरीत पाळ्या बदलत असतील, तर केंद्र निवडावं असं माझं स्पष्ट मत आहे. आश्रमात दोन महिने दर बुधवारी जाऊन मग अचानक बंद होण्यापेक्षा न गेलेलं बरं, कारण तिथे बुधवारची वाट पाहिली जाते. थांबावंच लागलं तर तसं समोर बसून सांगावं.

एक माहिती मात्र दोन्हीकडे जवळ असावी. कुणी छळाची, उपेक्षेची किंवा घर लिहून घेतल्याची गोष्ट सांगितली, तर आपण मध्यस्थी करायला जाऊ नये. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक पालनपोषण व कल्याण कायद्याखाली त्यांना न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, स्वतःला जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्थाही तो करू शकते. सल्ल्यासाठी 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन, एल्डरलाइन, मोफत आहे. फोन त्यांच्या संमतीनेच आणि शक्यतो त्यांना शेजारी बसवून लावावा.