वाल्डहाइम : क्रेडल पर्वताजवळचे लाकडी घर
(टास्मानिया सहलीच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

डव्ह तलावाकडे जाण्यापूर्वी आपली सहल वाल्डहाइम येथे मुद्दाम थांबते. क्रेडल माउंटन–लेक सेंट क्लेअर राष्ट्रीय उद्यानासाठीची चळवळ ज्यांनी पुढे नेली, त्या गुस्ताव वाइनडॉर्फर यांचे हे घर आहे.

मूळचे ऑस्ट्रियाचे गुस्ताव १९०० साली ऑस्ट्रेलियात आले. मेलबर्नमधील निसर्गअभ्यासकांच्या मंडळात त्यांची केट काउल यांच्याशी ओळख झाली आणि १९०६ मध्ये विवाह झाल्यावर या दांपत्याने मधुचंद्राचे दिवसही टास्मानियातील माउंट रोलंडवर वनस्पतींचे नमुने गोळा करण्यात घालवले. जानेवारी १९१० मध्ये दोघे क्रेडल पर्वतावर चढले, आणि हा सारा प्रदेश लोकांसाठी कायमचा राखून ठेवला पाहिजे, असा निश्चय गुस्ताव यांनी केला.

पाहुण्यांना उतरता यावे म्हणून त्यांनी १९१२ मध्ये हे घर बांधायला घेतले. त्यासाठी जवळच्या रानातील किंग बिली पाइन हे लाकूड वापरले. हा वृक्ष केवळ टास्मानियात आढळतो, अतिशय सावकाश वाढतो आणि हजार वर्षांहून अधिक जगू शकतो. त्याचे लाकूड सहसा कुजत नाही आणि रेषेत सरळ फुटते. त्यामुळे करवतीऐवजी पाचर ठोकून त्याच्या फळ्या आणि छपराच्या चिरफळ्या काढता येतात. भिंतीजवळ उभे राहिल्यास फळीवरील उभ्या रेषा स्पष्ट दिसतात. त्या अवश्य पाहाव्यात.

१९१६ मध्ये केट यांचे निधन झाले. त्यानंतर गुस्ताव येथेच राहिले, पाहुण्यांची सरबराई करत राहिले आणि सहकाऱ्यांसह ठिकठिकाणी व्याख्याने देऊन त्यांनी लोकमत तयार केले. १९२२ मध्ये हा प्रदेश संरक्षित घोषित झाला. १९३२ मध्ये गुस्ताव यांचे निधन झाले. त्यांची समाधी घराजवळच आहे.

एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो: आज दिसणारी वास्तू मूळची नाही. जुने घर जीर्ण झाल्याने १९७० च्या दशकात पाडण्यात आले, त्यावर लोकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली आणि मग त्याच जागी, त्याच जातीच्या लाकडाने व जुन्याच पद्धतीने ते पुन्हा उभारले गेले. आमच्या मते त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही, कारण ती कारागिरी या पुनर्बांधणीतूनच टिकली.

आपण शटल बसने रॉनी क्रीक थांब्यावर उतरून तेथून चालत जाऊ. उन्हाळ्यातही येथे अचानक पाऊस आणि बोचरा वारा सुटतो. म्हणून पावसाळी जाकीट व कानटोपी जवळ ठेवावी आणि घरामागील रानात फिरताना आखलेली वाट सोडू नये.