खाणीच्या गाळातलं पाणी विजेनं काढण्याची वाट

२५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमधल्या ब्रुमाडिन्यो इथे लोहखनिजाच्या खाणीचा गाळ, म्हणजे धातुक काढून घेतल्यावर उरलेला बारीक ओला चुरा, अडवणारा बांध फुटला आणि २७० माणसं गेली. २०१६ पासून तिथे नवा गाळ टाकणं बंद होतं, तरी आतलं पाणी पुरतं निघालेलं नव्हतं. हे पाणी काढायचं कसं, हा खाणींचा जुना प्रश्न आहे. त्याच्या एका उत्तराची सुरुवात मात्र खाणीत झालेली नाही.

१८०७ मध्ये मॉस्कोत एफ. एफ. रॉइस या संशोधकांनी ओल्या चिकणमातीत काचेच्या दोन नळ्या रोवल्या, त्यात पाणी भरलं आणि व्होल्टाच्या बॅटरीच्या तारा सोडल्या. ऋण टोकाच्या नळीत पाणी चढलं, धन टोकाच्या नळीतलं पाणी मातीच्या कणांनी गढूळ झालं. कारण असं, की चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि त्यांना लगटून धन आयन असतात. वीज सोडली की हे आयन ऋणाग्राकडे, म्हणजे ऋण टोकाकडे, निघतात आणि भोवतालचं पाणी सोबत ओढतात.

यातली खरी मोलाची गोष्ट पुढे कळली. पाणी नुसत्या दाबानं पाझरतं तेव्हा त्याचा वेग छिद्रांच्या आकारावर ठरतो. छिद्र दहापट बारीक झालं, तर वेग शंभरपट घटतो. विजेनं ओढलेल्या पाण्याला ही अडचण जवळजवळ नाही. म्हणजे जिथे पंप आणि निचरा थकतात, त्या पिठासारख्या गाळातच ही पद्धत उपयोगी पडते.

१९३९ च्या सुमारास लिओ कॅसाग्रांडे या अभियंत्यांनी जर्मनीत झाल्झगिटरजवळ रेल्वेसाठी खोदलेल्या चरात ती वापरली. ओघळणाऱ्या उतारातलं पाणी खोदकामाच्या तोंडापासून दूर, ऋणाग्राच्या विहिरींकडे वळलं आणि उतार उभा राहिला. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्स या सरकारी खाण-संशोधन संस्थेनं खाणीच्या गाळावर चाचण्या घेतल्या.

अडलं ते धनाग्रापाशी, म्हणजे धन टोकापाशी. तिथे आम्ल तयार होतं, लोखंडी सळई झिजत जाते, भोवतालचा गाळ वाळून भेगाळतो आणि वीज पुढे जाईनाशी होते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल विद्यापीठात कॉलिन जोन्स आणि सहकाऱ्यांनी यावर वीजवाहक जिओसिंथेटिक कापडाचा (जमिनीत घालण्यासाठी केलेल्या कृत्रिम कापडाचा) उपाय पुढे आणला. हे कापड सहजी गंजत नाही आणि निचऱ्याची वाटही तेच देतं. विजेचा खर्च मात्र राहतोच. गाळातलं पाणी खारट असेल, तर प्रवाह वाढून तो आणखी चढतो. त्यामुळे प्रत्येक खाणीचा गाळ आधी प्रयोगशाळेत तपासावाच लागतो.