पुटीन : आधी चीज, मग ग्रेव्ही

घरी पुटीन हा कॅनडातला फ्राईजचा पदार्थ करायचं ठरलं की बोलणं लगेच ‘वर काय घालायचं’ यावर येतं. कुणी बटर चिकन म्हणतं, कुणी पनीर मखनी, पोरं मक्याचे दाणे आणि हलापिनो. फ्राईज, चीज आणि ग्रेव्ही हा पाया सगळ्यांनी धरूनच चाललेला असतो. पण त्यातली ग्रेव्हीही मागाहून आलेली आहे.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, माँट्रियल आणि क्वेबेक शहर यांच्या मधल्या पट्ट्यात, दूधदुभत्याचा धंदा जुना. एकोणिसाव्या शतकात इथलं चेडर चीज बोटीने ब्रिटनला जात असे. पुटीनची कथा मात्र 1957 च्या सुमारास सुरू होते. वॉर्विक गावातल्या एका हॉटेलात गिऱ्हाइकाने फ्राईजच्या पुडीतच ताजं चीज टाकून मागितलं आणि मालक म्हणाला, “याची नुसती पुटीन होईल.” तिथल्या बोलीत पुटीन म्हणजे राडा, गिचका. हा किस्सा सांगोवांगीच, पण सगळे तोच सांगतात. फ्राईज गार पडतात अशी कुरकुर सुरू झाल्यावर काही वर्षांनी वरून गरम ग्रेव्ही आली. जवळच्याच ड्रमंडव्हिलमधल्या एका हॉटेलचं म्हणणं वेगळं: तिन्ही जिन्नस एका ताटलीत घालून पदार्थ म्हणून विकले ते आम्ही, 1964 मध्ये. ‘पुटीनचे जनक’ हे बिरुद त्यांनी रीतसर नोंदवूनही घेतलं. नाव वॉर्विकचं आणि आजचं रूप ड्रमंडव्हिलचं, असं मानलं तर भांडण मिटतं. पण दोन्ही गावांना ते मिटायला नको आहे.

यापेक्षा मोठा घोळ ‘कर्ड’ या शब्दाचा आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरात पुटीन फसते ती बहुतेक वेळा याच शब्दापायी. इंग्रजी कृतीत ‘चीज कर्ड्स’ लिहिलेलं असतं. आपल्याकडे कर्ड म्हणजे दही, दुकानातल्या डब्यावरही तेच छापलेलं. मग कुणी फ्राईजवर घट्ट चक्का घालतं, कुणी किसलेल्या चीजमध्ये दही कालवतं. माझ्या एका मावसबहिणीने आंबट दह्यावर गरम ग्रेव्ही ओतली होती. ते फुटलं, आणि त्या दिवशी ताटलीत जे झालं ते वॉर्विकच्या मालकाने वापरलेल्या अर्थाने पुटीनच होतं.

मुळात ही वस्तू म्हणजे अर्ध्यावर थांबवलेलं चेडर. दुधाला विरजण आणि रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं एन्झाइम, लावून ते जमवतात, कापतात, मंद तापवतात, निवळी काढून टाकतात. खाली राहिलेल्या लाद्या एकीवर एक रचून उलटसुलट करत ठेवतात, मग त्यांचे बोटाएवढे तुकडे पाडून मीठ चोळतात. हे तुकडे साच्यात दाबून महिनोन्‌महिने मुरवले की चेडर होतं. न दाबता त्याच दिवशी पिशवीत भरले की झाले कर्ड्स. क्वेबेकचे लोक फ्रेंचमध्ये याला ‘फ्रोमाज आँ ग्रँ’ म्हणतात, म्हणजे दाण्यांचं चीज. गावाकडे सरळ ‘लेंड्या’ अशा अर्थाचा शब्दही चालतो. मराठीत आपण चीजचे दाणे म्हणावं, दह्याचा गोंधळ तिथेच संपेल.

ताजा दाणा चावताना दाताखाली रबरासारखा कुचकुच वाजतो. कॅल्शियमने बांधलेलं प्रथिनांचं जाळं अजून घट्ट असतं, त्याचा हा आवाज. फ्रिजमध्ये गेला की एखाद्या दिवसात तो मुका होतो. म्हणून क्वेबेकमध्ये ताजा माल गल्ल्याशेजारी फ्रिजबाहेरच मांडलेला दिसतो. थोडा गरम केला की आवाज काही वेळापुरता परत येतो, आणि पुटीनमध्ये गरम ग्रेव्ही हेच काम करते. दाणा बाहेरून मऊ पडतो, पण आत शाबूत राहतो. पनीरचं तसं होत नाही. ते आंबट घालून फाडलेलं असल्याने त्यातलं बरंचसं कॅल्शियम निवळीबरोबर गेलेलं असतं. ते उष्णतेने वितळत नाही, चिवट तारही धरत नाही. पनीर घातलेले फ्राईज चांगलेच लागतात, फक्त तो वेगळा पदार्थ. प्रोसेस्ड चीजचे क्यूब उलट पूर्ण विरघळून ग्रेव्हीत मिसळतात. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे कमी ओलाव्याच्या मोझरेलाची वडी, हाताने अंगठ्याएवढे तुकडे तोडलेली. किसायची नाही, आणि वापरण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवायची.

पदार्थाच्या नावाचाही असाच गुंता. ते इंग्रजी ‘पुडिंग’वरून आलं असावं असा एक तर्क आहे. शेजारच्या अकाडी लोकांची (कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याकडचे फ्रेंचभाषक) ‘पुटीन रापे’ मात्र निराळी: किसलेल्या बटाट्याचा, आत डुकराचं मांस भरलेला उकडलेला गोळा. क्वेबेकच्या तोंडी उच्चार ‘पुत्सिन’च्या जवळ जातो. रशियाचे अध्यक्ष पुतिन यांचं आडनावही फ्रेंचमध्ये नेमकं या पदार्थाच्याच स्पेलिंगने लिहितात. 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर ड्रमंडव्हिलच्या त्याच हॉटेलने काही काळ पदार्थाचं नाव वापरणं थांबवलं, आणि फ्रान्समधल्या एका पुटीनवाल्याला शिवीगाळ व धमक्यांचे फोन आले.

वरच्या जिन्नसांची रेलचेल अलीकडची. 1970 नंतर पदार्थ क्वेबेक शहरात पसरला, 1990 च्या सुमारास परदेशी बर्गर साखळ्यांच्या यादीत चढला. तोवर माँट्रियलचे शिष्ट लोक याला रात्री उशिराचं, ग्रामीण, ओंगळ खाणं समजत. 2001 नंतर तिथल्याच एका नामांकित शेफने त्यावर फ्वा ग्रा, म्हणजे बदकाचं पोसून चरबट केलेलं काळीज, ठेवलं आणि तेच लोक रांगेत उभे राहिले. 2016 मध्ये व्हाइट हाउसच्या मेजवानीत पुटीनचे घासाएवढे नमुने होते. याला सरसकट ‘कॅनडाचा राष्ट्रीय पदार्थ’ म्हणणं म्हणजे क्वेबेकचं श्रेय लाटणं, असा आक्षेप 2017 मध्ये एका अभ्यासकाने घेतला. ज्या पदार्थावरून इतकी वर्षं क्वेबेकी माणसाला हसण्यात आलं, त्याबाबत हा आक्षेप अवास्तव वाटत नाही.

जुन्या प्रकारांत ‘गाल्व्होद’ म्हणजे कोंबडी आणि मटार, ‘इतालियेन’ म्हणजे ग्रेव्हीऐवजी टोमॅटो-खिम्याचा सॉस. माँट्रियलमध्ये स्मोक्ड मीट, म्हणजे धुरावलेलं गोमांस. बटर चिकनची पुटीन टोरांटो-ब्रॅम्प्टनकडे आता नवलाची राहिलेली नाही. तिथली मराठी घरं ती विकत खातात आणि घरी करताना वर बारीक कांदा-कोथिंबीर भुरभुरवतात. मला मात्र मखनी ग्रेव्ही इथे जड वाटते. पुटीनची ग्रेव्ही आमटीपेक्षा थोडी दाट, मिरपूड लागणारी हवी. लोण्यावर मैदा बदामी होईस्तोवर परतायचा, चिकनचं किंवा भाजलेल्या मशरूमचं पाणी घालायचं, शेवटी चमचाभर व्हिनेगर. शीतगृहातला बटाटा गोड होऊन तळताना लवकर काळवंडतो, तो टाळायचा. फ्राईज दोनदा तळायचे, आधी 150-160 अंशांवर, मग 185-190 वर. आधी फ्राईज, त्यावर चीज, मग उकळती ग्रेव्ही. मटार घालायचे असतील तर सगळ्यात शेवटी, ग्रेव्हीवरून, म्हणजे तळाशी जाऊन फ्राईज ओले करत नाहीत.