लिबर्टी जहाजावर पहिल्यांदा उतरताय? ‘अजून दोन किलो द्या’ म्हणण्याआधी हे वाचा

बालीतल्या तुलांबेनची स्कूबा डायव्हिंगची सहल ठरली की फोनवरचे प्रश्न ठरलेले असतात. शार्क असतात का? जहाजाच्या आत नेणार का? चष्म्याचं काय? उत्तरं खाली दिली आहेत. पण तिथे गेल्यावर वेळ खरा जातो तो पाण्याखाली जाता यावं म्हणून कमरेला शिसं किती बांधायचं यात, आणि ते निघण्याआधी कोणीच विचारत नाही. म्हणून या पत्रकाचा मोठा भाग त्यावरच आहे.

आधी जहाजाबद्दल थोडं. यूएसएटी (म्हणजे अमेरिकी लष्कराचं वाहतूक जहाज) लिबर्टी हे 1918 साली अमेरिकेत बांधलेलं, सुमारे 125 मीटर लांबीचं मालवाहू जहाज. 11 जानेवारी 1942 रोजी लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो त्याला लागला. ओढून बालीच्या उत्तरेकडच्या सिंगराजा बंदराला नेण्याचा प्रयत्न झाला, पण पाणी भरत गेलं म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवलं. 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हाच्या हादऱ्यांनी ते घसरत समुद्रात जाऊन आडवं झालं. (युद्धकाळात घाऊक बांधलेल्या ‘लिबर्टी शिप’पैकी हे नव्हे. हे त्यांच्यापेक्षा बरंच जुनं.)

नवशिक्यांना हे जहाज सोयीचं, कारण ते किनाऱ्यापासून जेमतेम 30-40 मीटरवर आहे. होडी नको, होडीची मळमळ नको. वरचा भाग 5 मीटरच्या आसपास, खालची कड 30 मीटरपर्यंत. ज्यांची पहिलीच वेळ आहे त्यांना 12 मीटरपर्यंत आणि ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला प्रमाणपत्र कोर्स) झालेल्यांना 18 मीटरपर्यंत नेतो. त्याखाली नाही, ‘जरासं’ म्हणूनही नाही. पाहण्यासारखं बहुतेक सगळं 15 मीटरच्या वरच आहे.

आता शिशाचं.

पुण्याच्या जलतरण तलावात सराव करताना रबरी सूट न घालता तुम्हाला समजा 2 किलो लागले. तलावाचं पाणी गोडं. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असतं, त्यामुळे माणूस आणि सामान मिळून 90-95 किलो भरत असेल तर तिथे सव्वादोन-अडीच किलो जास्त लागतात. शिवाय 3 मिलिमीटरचा सूट तरंगतो, त्याचे एक-दीड किलो. म्हणजे तलावातले 2 किलो समुद्रात साडेपाच-सहा होतात. हा हिशेब आम्ही प्रत्येकाच्या कार्डावर आधीच मांडलेला असतो. ग्राहक मात्र कुठेतरी ‘समुद्रात जास्त लागतं’ असं वाचून येतात आणि त्या सहावर आणखी दोन मागतात. मग दिवस बिघडतो.

कसा, ते सांगतो. दोन किलो जास्त असले की खाली जाताना दगडासारखे जाता. थांबायला जॅकेटमध्ये (अंगातलं, हवा भरता-सोडता येणारं) हवा भरावी लागते. ती हवा खोलीप्रमाणे आकार बदलते: 10 मीटरवर भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा घेते. म्हणून एक-दोन मीटर वर सरकलात की आपोआप वर ओढले जाता, घाबरून हवा सोडली की खाली आपटता. भर, सोड, भर, सोड. त्यातच पाय खाली, डोकं वर अशी उभी चाल होते. फिन्स (पायांत घालायची वल्ही) तळाच्या काळ्या वाळूत बसतात आणि मागच्या तिघांना जहाजाऐवजी धुरळा दिसतो.

हवेचा हिशेबही बघा. 11 लिटरच्या टाकीत 200 बार (बार हे दाबाचं माप) म्हणजे सुमारे 2,200 लिटर. 50 बार राखीव ठेवायचे, तेव्हा वापरायला 1,650. शांत असलेला नवशिका मिनिटाला 20-22 लिटर ओढतो. 12 मीटरवर दाब 2.2 पट, म्हणजे 45-48 लिटर. साधारण 35 मिनिटं मिळाली. धडपडणारा 30 लिटर ओढतो, त्याची टाकी 25 मिनिटांतच संपत येते. गट एकत्रच वर यायचा असतो, त्यामुळे एकाची दहा मिनिटं गेली की चौघांची जातात.

मुळात शिसं मागावंसं का वाटतं? कारण पहिल्या मिनिटाला माणूस खाली जात नाही. यात वजनाचा दोष क्वचितच असतो. नव्वद टक्के वेळा छातीत हवा कोंडलेली असते, जॅकेटची नळी डोक्यापेक्षा वर धरलेली नसते, किंवा पाय मारणं चालूच असतं. फिन्स हलत आहेत तोवर तुम्ही स्वतःला वरच ढकलत असता. शिवाय अजून न भिजलेल्या सूटमध्ये हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, ते निघायला मिनिटभर जातो. तेव्हा पाय एकमेकांवर अडकवा, नळी ताठ वर धरा, फुंकर घालत श्वास पूर्ण सोडा आणि दहापर्यंत मोजा. एवढं करूनही डोकं पाण्यावर राहिलं तरच आमच्या गाइडला खूण करा.

खरी तपासणी आम्ही किनाऱ्याजवळ, छातीभर पाण्यापलीकडे करतो. जॅकेट रिकामं, रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) तोंडात, नेहमीएवढा श्वास घेऊन स्थिर राहायचं. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं आणि श्वास सोडल्यावर हळूच खाली गेलात की वजन बरोबर. ही तपासणी भरलेल्या टाकीने करत असल्यामुळे त्यावर आम्ही 2 किलो वाढवतो, कारण डायव्हच्या शेवटी टाकीतली तेवढ्या वजनाची हवा संपलेली असते आणि ॲल्युमिनियमची रिकामी टाकी वर ओढते. नाहीतर वर येताना 5 मीटरवर घ्यायच्या तीन मिनिटांच्या थांब्याला तुम्ही टिकणार नाही. म्हणजे तुम्हाला हवे असलेले ते दोन किलो आम्ही घातलेलेच असतात.

या तपासणीला गटामागे वीस मिनिटं लागतात. शेजारचे गट तोवर पाण्यात गेलेलेही दिसतील. दिसू देत. आम्ही एका गाइडमागे चारच जण ठेवतो तेही याचसाठी, आणि दरात जो फरक दिसतो तो इथे जातो.

बाकीचं भराभर. जहाज मोडून उघडं पडलं आहे. त्यातून आरपार जाणारे डायव्हर दिसतील, आम्ही नवशिक्यांना बाहेरूनच फिरवतो. पत्र्याला हात लावायचा नाही: दगडासारखे दिसणारे विंचूमासे तिथेच बसलेले असतात. हातमोजे देत नाही, कारण हातमोजे घातले की लोक हात लावतात. शार्क इथे सहसा दिसत नाहीत, थव्याने फिरणारे जॅकफिश मात्र बहुतेकदा भेटतात.

पहाटे सहाला पाण्यात उतरण्यावरून कुरकुर होते. पण डोक्याला टेंगूळ असलेले मोठे बंपहेड पोपटमासे जहाजात झोपतात आणि उजाडताच निघून जातात. नऊनंतर दक्षिणेकडच्या हॉटेलांतून गाड्या येऊ लागतात, मग जहाजावर गर्दीच गर्दी. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्यामुळे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची डायव्ह ठेवत नाही.

किनारा वाळूचा नाही, गोल काळ्या गोट्यांचा आहे. टाक्या गावातल्या बायका डोक्यावर वाहून नेतात, तुम्हाला फक्त स्वतःला सांभाळायचं. मास्क आणि रेग्युलेटर लावून चाला, फिन्स कमरेएवढ्या पाण्यातच घाला. लाटेने पडलात तर उठायची धडपड करू नका, जॅकेटमध्ये थोडी हवा भरा आणि पोहत आत या. कडक तळव्याचे बूट हवेतच. मोज्यासारखे पातळ बूट इथे कामाचे नाहीत. आमच्याकडे भाड्याने मिळतात, विकतही.

डायव्हनंतर त्याच दुपारी डोंगरावरच्या किंतामणीला जायचा बेत करू नका. ते 1,500 मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब कमी, आणि शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. विमानाचंही तेच: एकाहून जास्त डायव्ह झाल्या असतील तर मध्ये किमान 18 तासांचं अंतर हवं. परतीचं तिकीट काढण्याआधी आम्हाला वेळ विचारा. किंतामणी सुरुवातीच्या दिवसांत बसवून देतो.

दमा, रक्तदाब, कानाचा जुना त्रास यांतलं काही असेल तर वैद्यकीय अर्जावर डॉक्टरांची सही निघण्याआधीच घ्या. किनाऱ्यावर उभं राहून ती मिळत नाही.

रविवारच्या तलाव सत्रात वजनाचा सराव सहलीच्या दरातच धरलेला आहे. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क देतो. नंबर आणि बुटांचं माप निघण्याच्या आठ दिवस आधी कळवा, नाहीतर तिथे असेल त्यावर भागवावं लागेल.